चौथी सीट

मनुष्याला लाभलेल्या सर्व शक्तींमध्ये सवय ही सर्वांत मायाळू आणि सर्वांत लबाड शक्ती होय, असे मला पुष्कळ वर्षांच्या अनुभवाने वाटू लागले आहे. मायाळू अशासाठी की, तिच्यावाचून आपला एक दिवसही निभावणार नाही. जोडा घालताना आधी कोणता पाय पुढे करावा याचा रोज विचार करावा लागता, किंवा घरापासून स्टेशनापर्यंतची वाट रोज नव्याने शोधावी लागती, तर कचेरीत जाणाऱ्या माणसाची निम्मी शक्ती उंबऱ्यातच संपली असती. सवय हे सारे ओझे आपल्या डोक्यावरून उतरवून स्वतः वाहते. लबाड अशासाठी की, या हमालीची मजुरी ती आपल्या नकळत कापून घेते. आणि ती मजुरी म्हणजे आपली दृष्टी. जे रोज दिसते ते हळूहळू दिसेनासे होते. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक आपल्याला केव्हा ऐकू येते? ते बंद पडते तेव्हा! घड्याळाच्या बाबतीत यात काही बिघडत नाही. पण हाच न्याय माणसांना लागू झाला, म्हणजे काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

मी गेली सत्तावीस वर्षे डोंबिवलीहून ठाण्याला जातो आणि ठाण्याहून डोंबिवलीला परत येतो. इंग्रजी वाङ्मय शिकवणे हा माझा व्यवसाय. अंतर म्हणाल तर अवघे चौदा किलोमीटर. पण ते साधेसुधे अंतर नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली हिंदुस्थानातील पहिली उतारू गाडी ठाण्यास येऊन थांबली. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, लोहमार्ग कल्याणास जाऊन पोहोचला. तेव्हापासून या पट्ट्यातील माणसाचे आयुष्य रुळांच्या तालावर चालत आले आहे. आमच्याकडे कोणी "किती वाजले?" असे विचारले, तर घड्याळातील वेळ सांगण्याऐवजी "अमकी गाडी गेली" असे उत्तर मिळणे अशक्य नाही. मुलाची शाळा, बायकोची नोकरी, आजारी सासऱ्यांचे औषध, सारे काही गाडीच्या वेळेभोवती गुंफलेले. या वेळापत्रकाने आम्हांला शिस्त दिली, भाकरी दिली, मुलांना शिक्षण दिले. त्याच्याविषयी कृतघ्नपणाने बोलण्याची माझी इच्छा नाही.

तथापि त्याच वेळापत्रकाने आमच्याकडून काय घेतले, हेही पाहिले पाहिजे. फलाटावरच्या ध्वनिक्षेपकातून कधी कधी स्ट्रेचर घेऊन हमालांनी अमुक फलाटावर यावे, अशी सूचना होते. तिचा अर्थ आमच्यांतील प्रत्येकाला ठाऊक आहे. कोठेतरी, हाकेच्या अंतरावर, एक माणूस पडला आहे. ती सूचना ऐकून फलाटावरील शंभरांतील नव्वद माणसे एकाच दिशेला मान वळवतात. ती दिशा म्हणजे गाडीची वेळ दाखवणारी पाटी. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकत आली आहेत. म्हणजे दिवसाला पाचांहून अधिक. एखाद्या गावात दिवसाला पाच माणसे साथीने मरू लागली, तर ते गाव ओस पडेल. आमचे गाव ओस पडत नाही. ते पुढची गाडी पकडते.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याच्या वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळत असलेले प्रवासी रुळांवर पडले, आणि त्यांतील निदान चार जण दगावले. दुसऱ्या दिवशी आमची गाडी त्या वळणावर आली तेव्हा डब्यातील बोलणे आपोआप थांबले. दारातले तरुण काही क्षण आत सरकून उभे राहिले. आठवड्याभरात ते पुन्हा पूर्ववत् बाहेर लोंबकळू लागले, आणि बोलणेही थांबेनासे झाले. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी, आणि पुन्हा आठ वर्षांनी २३ मे २०२४ रोजी, कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा मृतांचा आकडा दहांच्या पुढे गेला. त्या दिवसांत गावात जिकडे तिकडे फुटलेल्या तावदानांच्या गोष्टी ऐकू येत. पुढे तावदाने बसली, आणि गोष्टीही मिटल्या. ज्यांच्या घरचा माणूस परत आला नाही, त्यांच्या घरी मात्र काय मिटले असेल?

यावरून आम्ही पाषाणहृदयी आहोत असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अन्यायाचा होईल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि मुंबईपासून कल्याणापर्यंतची लक्षावधी माणसे वाटेतच अडकली. त्या रात्री अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरांत घेतले, कोरडे कपडे दिले, रस्त्यावर उभे राहून चहा आणि बिस्किटे वाटली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली. हजारांहून अधिक उतारूंना सोडवण्यासाठी जवान तर आलेच, पण आसपासचे गावकरीही धावले. मग हीच माणसे एरवी पाटीकडे मान का वळवतात? आमच्यापाशी कळवळा नाही असे नाही. तो असाधारण प्रसंगी जागा होतो, आणि साधारण दिवशी झोपतो. दुःख मात्र बहुतांशी साधारण दिवशीच येते. हीच खरी अडचण आहे.

ॲडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक मार्मिक कल्पना केली आहे. चीन देश भूकंपाने गडप झाल्याची वार्ता युरोपातील एखाद्या सज्जनाच्या कानी पडली, तर तो हळहळेल, मानवी जीवनाच्या क्षणभंगुरतेवर चार उदात्त वाक्ये बोलेल, आणि रात्री स्वस्थ घोरत पडेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार असे त्याला कळले, तर त्याचा डोळ्याला डोळा लागणार नाही! स्मिथच्या काळी चीनची वार्ता पोहोचायला महिने लागत. आज ती आपल्या खिशात वाजते. सकाळच्या गाडीत समोरच्या बाकावरील माणूस हातातल्या फोनवर कोठल्या तरी दूरच्या देशातील युद्धाची चित्रे पाहत असतो, हळहळतही असतो. आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाचे डोळे रडून सुजले आहेत, हे त्याच्या गावीही नसते. दूरचे दुःख जवळ आले, म्हणून जवळचे दुःख जवळ आले असे नव्हे.

मी मराठी ख्रिस्ती घराण्यात जन्मलो. या प्रश्नाकडे पाहण्याची माझी खिडकी साहजिकच शुभवर्तमानाची आहे. वाचकांनी ती केवळ खिडकी म्हणूनच पाहावी. लूककृत शुभवर्तमानात येशूने सांगितलेला शोमरोनी प्रवाशाचा दृष्टान्त बहुतेकांना ठाऊक असेल. यरुशलेमेहून यरीहोस जाणारा एक वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो. ते त्याला अर्धमेला करून टाकतात. एक याजक येतो आणि बाजूने निघून जातो. एक लेवी येतो, तोही तसाच जातो. शेवटी यहुदी ज्याला परका आणि हीन मानीत असा एक शोमरोनी येतो, थांबतो, जखमा बांधतो आणि त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. यरुशलेम ते यरीहो हे अंतर सुमारे सत्तावीस किलोमीटर आहे. ठाण्याहून कल्याण वीस. लहानपणी मला ती वाट फार दूरची वाटे. आता ती आमच्याच मार्गावरची वाटते.

या दृष्टान्तातील एक बारीकशी गोष्ट सहसा नजरेतून निसटते. याजकाने जखमी माणसाला पाहिले, लेव्यानेही पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पाहण्यात तिघेही सारखेच. भेद पडतो तो पाहिल्यानंतरच्या क्षणी. तेथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, ते आतड्यांच्या वाचक शब्दापासून बनलेले आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. कारण पोटात तुटणे, आतडे पिळवटणे, पोटात कालवणे हे आपले रोजचे शब्द. आपल्या भाषेत दया डोक्यात राहत नाही, पोटात राहते. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरकारांनी येथे 'कळवळा' हा शब्द योजला, तेव्हा तो त्यांना कोठून उसना आणावा लागला नाही. तुकोबांच्या अभंगांतून तो घरोघर पोहोचलेलाच होता.

पण मग याजकाच्या आणि लेव्याच्या पोटात काही तुटले नाही, ते का? ते दुष्ट होते, असे दृष्टान्त म्हणत नाही. यावर अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी, डार्ली आणि बॅटसन यांनी, केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टन येथील धर्मविद्यालयाच्या चाळीस विद्यार्थ्यांना त्यांनी जवळच्या दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटेसे भाषण करावयास सांगितले. काहींना विषय दिला होता चक्क याच शोमरोन्याच्या दृष्टान्ताचा. काहींना सांगितले, तुम्हांला उशीर झाला आहे. काहींना सांगितले, अजून अवकाश आहे. वाटेत एक माणूस दाराशी कोसळून कण्हत पडला होता; तो अर्थात् प्रयोगाचाच भाग. ज्यांना सवड होती त्यांच्यातील शेकडा त्रेसष्टांनी त्याला मदत केली. ज्यांना घाई होती त्यांच्यातील शेकडा दहांनीच. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दृष्टान्तावर प्रवचन करायला निघालेले काही भावी पाद्री त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून पुढे गेले! आम्हां ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्मज्ञानाचा गर्व वाटू लागला, म्हणजे हा प्रयोग वाचावा. माणसाच्या आड त्याचे पाप येते हे तर खरेच. पण पापाच्याही आधी त्याची घाई येते.

हे सारे मी एकदा वर्गात सांगत होतो. निमित्त होते ऑडन या कवीच्या १९३८ सालच्या एका कवितेचे. ती ब्रुसेल्स येथील एका चित्रावर आहे. ब्रॉयगेलचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या चित्रात इकॅरस आकाशातून समुद्रात पडला आहे. कोपऱ्यात त्याचे दोन पाय तेवढे पाण्यावर दिसतात. पुढे एक शेतकरी खाली मान घालून नांगर चालवीत आहे. मेंढपाळ भलतीकडेच पाहत आहे. एक गलबत आपल्या वाटेने चालले आहे. कोणाचेही काम थांबलेले नाही. मी मुलांना म्हटले, "दुःखाच्या शेजारी नांगर असा चालू असतो." तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. तो दिव्याहून येणारा. पहाटे वर्तमानपत्रे टाकून मग कॉलेजात येणारा. तो म्हणाला, "सर, त्या नांगरवाल्यानं काय करायचं होतं? नांगर सोडला असता तर संध्याकाळी त्याच्या घरी चूल पेटली असती का? आणि त्याच्याकडे तरी कोण बघतंय? सगळे त्या पाण्यातल्या पायांकडेच बघतात."

इतकी वर्षे मी ते चित्र दाखवीत आलो, पण नांगरवाला हाही एक दुःखी माणूस असू शकेल, हे मला कोणा समीक्षकाने सांगितले नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नात दोन प्रश्न होते. ज्याचे स्वतःचेच पोट हातावर आहे, त्याच्याकडे कळवळ्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी? आणि कळवळ्यासाठी जर नांगर सोडावा लागत असेल, तर तो बसायला जागा मिळालेल्यांचाच एक विलास ठरणार नाही काय? घंटा झाली. पुढचा तास याच प्रश्नापासून सुरू करू, असे मी त्याला सांगितले, आणि दोन दिवस त्याच विचारात काढले.

उत्तर मला त्याच दृष्टान्ताच्या शेवटी सापडले. ते तेथे दोन हजार वर्षे होतेच. शोमरोनी जखमी माणसापाशी कायमचा थांबत नाही. तो एक रात्र थांबतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हाती दोन दीनार देतो, आणि अधिक खर्च झाला तर परतताना देईन असे सांगून आपल्या वाटेने निघून जातो. एक दीनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शोमरोन्याने आपला नांगर सोडला नाही; त्याने एक रात्र आणि दोन दिवसांची मजुरी दिली. आणि परत येण्याचे वचन तो कशाच्या बळावर देऊ शकला? ती त्याची येण्याजाण्याची वाट होती म्हणून! ज्याला त्या रस्त्याने पुन्हा यायचे नाही, तो फार तर जखम बांधील. तिची पुढे चौकशी करणार नाही. तेव्हा नित्यक्रम हा कळवळ्याचा वैरीच असतो असे नाही. नीट वापरला तर तो त्याचा आधार होतो. रोज त्याच वाटेने जाणाऱ्यालाच कळते की काल येथे बसणारा माणूस आज नाही.

पुढच्या तासाला मी हे त्या मुलाला सांगितले, आणि सोबत वांगणीची गोष्ट सांगितली. कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणी येथे पुष्कळ अंध कुटुंबे राहतात. त्यांतील अनेकजण लोकलच्या डब्यांतून किरकोळ वस्तू विकून पोट भरतात. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणीच्या फलाटावरून एक दृष्टिहीन माता आपल्या लहानग्याचा हात धरून चालली असता मूल रुळावर पडले. समोरून एक्स्प्रेस येत होती. आईला मूल कोठे आहे हे दिसेना. मयूर शेळके नावाचा तेथील पॉइंट्समन आपल्या रोजच्या कामावर होता. तो गाडीच्या दिशेने रुळांवरून धावत गेला, मुलाला फलाटावर टाकले आणि गाडी येऊन पोहोचण्याच्या क्षणभर आधी स्वतः वर चढला. रेल्वेने त्याला पन्नास हजार रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यातील अर्धी रक्कम त्याने त्या मुलासाठी देऊ केली. धाडसाचे कौतुक सर्वांनी केले, ते योग्यच. पण मला त्या अर्ध्या रकमेचे अधिक वाटते. धावणे हे क्षणाचे काम. पण आपण वाचवलेल्या मुलाला उद्याही भूक लागणार आहे, हे ध्यानात ठेवणे, हे त्या दोन दीनारांच्या जातीचे काम आहे. आणि त्याने आपला नांगर कोठे सोडला होता? डोळे उघडे ठेवून उभे राहणे हाच त्याचा नांगर होता.

मुलगा बसला. त्याचे समाधान झाले की नाही, हे मी विचारले नाही.

आपल्या कायद्यानेही या दृष्टान्ताचे नाव उचलले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. रस्त्यावरील अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागू नये, म्हणून केलेले नियम सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक ठरवले. आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन १३४-अ हे कलम 'गुड समॅरिटन' म्हणजे या भल्या शोमरोन्याच्या संरक्षणासाठी घालण्यात आले. मदत करायला गेलो तर पोलिसांत फेऱ्या घालाव्या लागतील, ही सबब कायद्याने आपल्याकडून काढून घेतली आहे. घाईची सबब मात्र कोणताही कायदा काढून घेऊ शकत नाही.

ती कशी काढावी, याचा एक धडा माझ्या वडिलांनी आम्हां भावंडांना घरातच दिला. ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील एका शाळेत मास्तर होते. रात्री जेवणापूर्वीची प्रार्थना करण्याआधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारीत, "आज कोण दिसलं?" म्हणजे आज दुःखात असलेला कोण तुझ्या दृष्टीस पडला. नियम दोन होते: माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवा, आणि काय पाहिले ते सांगता आले पाहिजे. एकदा माझ्या धाकट्या बहिणीने मोठ्या ऐटीत "आफ्रिकेतली उपाशी मुलं" असे उत्तर दिले. वर्तमानपत्रांत इथिओपियातील दुष्काळाची छायाचित्रे येत होती, ते हे दिवस. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "त्यांच्यासाठी प्रार्थना करूच, बाळ. पण आज रस्त्यात तुला कोण दिसलं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "शाळेतल्या शिपाईकाकांनी चपलेला सुतळी बांधलीय." त्या रात्री प्रार्थनेत आफ्रिका आली आणि सुतळीही आली. सकाळी आईने बाबांचा जुना जोडा कागदात गुंडाळून तिच्या दप्तरात ठेवला. कोणी एक शब्दही बोलले नाही.

तो प्रश्न रात्री विचारला जाणार आहे, हे ठाऊक असल्यामुळे आम्ही दिवसभर जरा डोळे उघडे ठेवून फिरत असू. हाच त्यातील खरा उपयोग होता. आज आमच्या घरी आम्ही दोघेच. मुलगी नोकरीनिमित्त बंगळूरला असते, पण रात्री तिचा फोन येतो तेव्हा कधी कधी तीच विचारते, "मग बाबा, आज कोण दिसलं?"

दुःख ओळखण्याची ही विद्या बहुधा स्वतःच्या दुःखाच्या शाळेत शिकावी लागते. पंडिता रमाबाईंचे उदाहरण महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १८७४ साली, ऐन दुष्काळात, त्यांचे आईवडील अन्नान्न दशेत दगावले. बावीस वर्षांनंतर, १८९६-९७ च्या दुष्काळाची वार्ता आली, तेव्हा रमाबाई पुण्यात शारदासदनाच्या कामात आकंठ बुडालेल्या होत्या; कामाचे निमित्त सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला होता? पण त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. स्वतःची जुनी भूक त्यांनी विसरून टाकली असती, तर या तीनशेजणी त्यांना दिसल्या नसत्या. आपण आपली दुःखे लवकर विसरावीत असा सल्ला लोक देतात. पण ती अगदीच विसरू नयेत, असे मला वाटते.

आता आमच्या गाडीतील एका रिवाजाबद्दल. लोकलच्या बाकावर जागा तिघांची असते, पण गर्दीच्या वेळी चौथा येतो आणि म्हणतो, "जरा सरकून घ्या." तिघेही चार-चार बोटे सरकतात, आणि चौथ्याला अर्धी का होईना, जागा होते. हिलाच आमच्याकडे 'चौथी सीट' म्हणतात. रेल्वेच्या कोणत्याही नियमात ती नाही. मागणारा अनोळखी असतो, देणारे अनोळखी असतात, आणि कोणी कोणाचे आभारही मानीत नाही. त्या दिव्याच्या मुलाला मी पुन्हा उत्तर द्यायचे ठरवले तर हेच देईन. उठून उभे राहा, असे प्रत्येकाला कोणी म्हणत नाही. पण चार बोटे सरकणे नांगरवाल्यालाही जमते. खरे पाहता तोच अधिक सहज सरकतो, कारण अर्ध्यावर बसणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते.

आमच्या डब्यात कोपरला चढणारे एक गृहस्थ कित्येक वर्षे चौथ्या सीटवर बसत. त्यांचे नाव आम्हांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. एकदा ते सलग आठ-दहा दिवस आले नाहीत. जागा मोकळी मिळाल्याने बसणाऱ्यांना ऐसपैस झाले. आणि त्या ऐसपैसपणानेच कोणाच्या तरी मनाला टोचणी लागली. कोपरला चढणाऱ्या दुसऱ्या एकाने शोध घेतला. त्यांच्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला होता. घरात दुसरे कोणी नव्हते. मग डब्यातल्या पाचसहा जणांनी आपसांत वार वाटून घेतले: कोणी रात्री इस्पितळात बसावयाचे, कोणी डबा न्यायचा. त्यांतील एक मुसलमान होता, एक बौद्ध, दोघे वारकरी घराण्यातले. शोमरोनी कोणत्या पंथाचा होता याची चर्चा आम्ही केली नाही. महिन्याने ते गृहस्थ परत आले, तेव्हा तिघे नेहमीसारखे सरकले, इतकेच.

या साऱ्यात एक धोका आहे, आणि तो न सांगता हा लेख संपवणे बरे नव्हे. दुसऱ्याचे दुःख पाहण्याची आवड लागू शकते. माणूस आपल्या डोळ्यांतील पाण्याच्या प्रेमात पडतो. दुःखी माणूस मग त्याला आपल्या सहृदयतेचा आरसा वाटू लागतो. याच्या उलट दुसरे टोक थकव्याचे. जगातील सारे दुःख एका मनात मावत नाही, आणि मावेना झाले की मन दार लावून घेते. गेथशेमाने बागेतील रात्री येशूने आपल्या शिष्यांकडे आपले दुःख हलके करण्याची मागणी केली नव्हती. आपल्यासोबत जागे राहावे, एवढेच मागितले होते. आणि ते झोपी गेले. लूक मोठ्या ममतेने सांगतो की, ते दुःखाने थकून झोपले होते. निष्काळजीपणाने झोपणारे आणि दुःखाने थकून झोपणारे यांत अंतर आहे; पण ज्याला सोबत हवी होती, तो दोन्ही वेळा एकटाच राहतो.

म्हणून मागणे मोठे ठेवू नये, असे माझे मत आहे. जगाचे दुःख दूर करणे आपल्या हाती नाही. रोज एक माणूस नीट पाहणे आपल्या हाती आहे. तो पाहिल्यावर दर वेळी काही करता येईलच असे नाही. पण न पाहिलेल्यासाठी तर कोणालाच कधी काही करता येणार नाही. ज्या दिवशी रात्री "आज कोण दिसलं?" या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नसेल, त्या दिवशी गावात कोणी दुःखी नव्हते असे समजू नये, उद्याच्या गाडीला पाच मिनिटे आधी निघावे.